तीन अक्षरांची जागा

चौथीपर्यंत शिकलेली रेशमाबाई काळे पारध्यांच्या वस्तीत राहायची. "चोर सगळे!" असं ओरडत पाटलांच्या तीन पोरांनी भर दुपारी तिची झोपडी पेटवली. तिने पोलिसांत नावानिशी तक्रार दिली. पण तालुक्याच्या साप्ताहिकात मथळा आला, 'अज्ञात तरुणांनी झोपडी पेटवली'. त्याच्याच खाली होतं, 'पारधी तरुणांनी शेळी पळवली'.

रेशमाबाई अंक घेऊन थेट संपादक अनंतरावांसमोर उभी राहिली. "साहेब, माझ्या बातमीत पाटलांचं नाव का नाही?"

अनंतराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला काय कळतंय यातलं? मथळ्यात अक्षरं मोजून बसवावी लागतात, बाई. जागाच नव्हती!"

रेशमाबाईने बोटं पुढे केली. "अ-ज्ञा-त, तीन. पा-टी-ल, तीनच! काढा ते, बसवा हे. आणि पाटलांना भीत असाल, तर खाली पारधी काढून तिथंही अज्ञात बसवा. पा-र-धी, तेही तीनच!"

शेजारी अंकाची पानं जुळवत बसलेला कामगार खुर्चीतून पडेपर्यंत हसला. अनंतरावांना तोंड लपवायला चष्मा पुरेना.

पुढच्या अंकात 'पाटील तरुणांनी झोपडी पेटवली' असं ठळक छापून आलं. मग पोलिसांनाही तिघे लगेच सापडले, आपापल्या घरी, जेवताना!