उंबरठ्यावरची आंबील

एका राज्यात दुपार झाली की सगळे झोपत. पहारेकरी भाल्याला टेकून झोपत, न्यायाधीश निकाल अर्ध्यावर टाकून झोपत, आणि ज्याचा निकाल लागायचा तो चोरही तिथेच भिंतीशी कलंडे, त्यामुळे पळून जायचे तेवढे राहून जाई. टक्क जागे असत ते फक्त राजाचे घोडे आणि खंदकातले मासे. घोडे उधळत, मासे उसळ्या मारत. नवल त्यात काहीच नव्हते. राजाच्या मुदपाकखान्यात तांदूळ पांढराशुभ्र होईस्तोवर सडत आणि कोंडा खंदकात ओतत. नाचणी आणि कुळीथ घोड्यांपुढे टाकत. माणसांच्या पानात उरे तो पांढरा भात, तुपात तळलेले आणि पाकात बुडवलेले.

राजवाड्यात जे शिजे त्याची रोज सकाळी नगरात दवंडी पिटत. राजाच्या चुलीवर जे, तेच आपल्या चुलीवर, असा तिथला रिवाज होता. तो मोडणे म्हणजे राजाचा अपमान. म्हणून राजवाडा पेंगू लागला तसे सारे राज्यही पेंगू लागले.

राजाचे नाव कीर्तिध्वज. हे कशाने झाले, ते त्याला एकट्याला ठाऊक होते, आणि ते आठवले की त्याची मान आपोआप खाली जाई.

तो राजाच्या पोटी जन्मलेला नव्हता. डोंगरावरच्या तानूबाईचा तो मुलगा. आधीचा राजा निपुत्रिक वारला, तेव्हा हत्तीने याच्या गळ्यात माळ घातली. राज्याभिषेकाला देशोदेशीचे राजे जेवायला बसले होते, आणि तानूबाई डोंगर उतरून आली. डोक्यावर मडके, मडक्यात नाचणीची आंबील. लेकाने लहानपणापासून तीच पिऊन डोंगर पालथे घातले होते. आजच्या दिवशी ती त्याच्या पोटात गेलीच पाहिजे, एवढेच त्या माउलीच्या मनात.

एका पाहुण्या राजाने नाक मुरडून विचारले, "ही कोण?"

कीर्तिध्वज म्हणाला, "असेल कोणी डोंगरावरची बाई. गुरांचे खाणे घेऊन चुकून आत आली."

तानूबाईने ते ऐकले. तिने मडके उंबरठ्यावर ठेवले, झाकण नीट बसवले आणि ती आली तशी निघून गेली. तिने शाप दिला नाही. शाप दिला चुलीतल्या अग्नीने, आणि तो एकट्या कीर्तिध्वजाला ऐकू आला. "ज्या अन्नाने तुला उभे केले ते तू नाकारलेस. आता तुझ्या राज्यात कोणाला उभे राहवणार नाही." त्या दिवसापासून ते मडके कोणाला हलेना, त्याचे झाकण कोणाला उघडेना. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात. राजा तर मागच्या दाराने ये-जा करू लागला.

वर्षे गेली. राजाला मुलगी झाली, मेधावली. पोर हुशार, पण तिचे डोळे दुपारी मिटायचे ते हळूहळू सकाळीच मिटू लागले. तेव्हा मायाकंद नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"महाराज, माझे चैतन्यलाडू द्या. पोर हरणासारखी पळेल."

लाडू खाऊन मेधावली खरेच पळाली. बागेला फेऱ्या घातल्या, टाळ्या पिटल्या, आणि पुढच्याच घटकेला जिन्यावर कोसळली. पुन्हा लाडू, पुन्हा धावपळ, पुन्हा आधीपेक्षा गाढ झोप. शेवटी एका सकाळी ती उठलीच नाही. श्वास चाले, पण इतका मंद की राजाला कान लावून ऐकावा लागे.

राजा उंबरठ्याशी आला. मडक्यावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. तो राजवाड्यातले काही खात नसे, म्हणून जागा होता.

"राजा, तीन कामे कर," भारद्वाज म्हणाला. "जिने हे मडके आणले तिच्याकडून नाचणी मागून आण. आपल्या हाताने दळ, ताकात आंबव आणि शिजव. मग ज्यांच्यापुढे खोटे बोललास, त्यांच्यापुढे खरे बोल. ती आंबील या मडक्यात पडली तरच पोर जागी होईल. येती अमावास्या उलटली तर होणार नाही."

राजा डोंगरावर गेला. तानूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झाले होते, हात मात्र भराभर चालत होते. तिने वर पाहिले.

"किती वाळलास रे! जेवलास का?"

तिने बोल लावला असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. "घाईत आहे. मूठभर नाचणी हवी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. तिने कशाला म्हणून विचारले नाही. पदरात मावेल तेवढी नाचणी त्याच्या शेल्यात बांधून दिली. तो पाया न पडताच निघाला. पाया पडायचे धाडसच त्याला झाले नाही.

दुसरे काम. राजा जात्यापाशी बसला. डोंगरावरून आल्यापासून त्याला जागचे उठवेना, तिथे दळणार कसा? दोन फेरे दिले की धाप लागे, डोळे मिटत. एकेकाळी याच हातांनी तो आईला खुंटा ओढू लागे आणि तिला म्हणे, तू बस. आता जाते त्याला दाद देईना. रडत, थांबत, पुन्हा खुंटा धरत त्याने पीठ काढले. ते ताकात भिजवून रात्रभर आंबवले. सकाळी मंद आचेवर चढवले आणि गुठळी होऊ नये म्हणून हात न थांबवता ढवळत राहिला. ते ढवळणे तो विसरला नव्हता, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटली. एवढे सगळे येत असून त्याने आपली लेक लाडवांवर निजवली होती.

तिसऱ्या कामासाठी तेच राजे बोलावले गेले. नाक मुरडणाराही आला. मेधावलीला उंबरठ्याशी आणून ठेवले. राजा आंबील घेऊन मडक्यासमोर उभा राहिला आणि त्याची जीभ पुन्हा घसरली.

"हे... हे दूरच्या एका थोर वैद्याचे औषध आहे."

झाकण हलले नाही. मेधावलीचा श्वास थांबल्यासारखा झाला.

राजा गुडघ्यांवर बसला. "खोटे बोललो. ही नाचणीची आंबील आहे. हे माझे अन्न आहे. ते घेऊन आलेली बाई माझी आई होती. मला तुमची लाज वाटली, म्हणून मी तिला ओळख दाखवली नाही. त्या एका वाक्याने मी माझ्या सगळ्या प्रजेला निजवले."

कोणी हसले नाही. झाकण आपोआप बाजूला झाले. आत तानूबाईची आंबील होती, आणि तिची वाफही अजून निवली नव्हती. राजाने आपली आंबील त्यात ओतली आणि बोटाने लेकीच्या ओठांना लावली. मेधावलीने ओठ चाटले, डोळे उघडले आणि म्हणाली, "आणखी."

त्या दुपारी पहारेकरी जागे राहिले. न्यायाधीशाने निकाल पुरा केला, आणि चोराला फार वाईट वाटले. मायाकंदाने पळून जाण्यासाठी स्वतःचाच लाडू खाल्ला. तो वेशीपर्यंत सुसाट गेला आणि तिथे घोरत पडला. त्याला उठवायची तसदी कोणी घेतली नाही. शेवटची दवंडी पिटली ती अशी, की यापुढे दवंडी नाही. ज्याला जे अन्न उभे करते ते त्याने रांधावे. खंदकातले मासे तेवढे नाराज झाले.

राजा मात्र तिथे थांबला नव्हता. लेकीचा हात धरून, पुढच्या दाराने, पायी तो डोंगरावर गेला. तानूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तो काही बोलायच्या आतच तिने विचारले,

"जेवलास का?"

तो तिच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "नाही, आई. किती वर्षे झाली, जेवलोच नाही. वाढ."

तिने दोन पाने मांडली. अशी त्या राज्याची झोप उडाली, आणि राजा पोटभर जेवला.