वहिनींचा शब्द

मोरेश्वरकाकांच्या घरात एका नियमाला 'का' विचारायचं नव्हतं. घरात काही ठरवायचं झालं की हे निवृत्त हेडमास्तर पाटीवर पाच इंग्रजी अक्षरं लिहीत. ती पाचही असलेला लांबात लांब शब्द प्रत्येकाने सांगायचा. सगळ्यांचे शब्द आले की ज्याचा सर्वांत लांब, त्याचंच म्हणणं चाले. शाल्मलीच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. काका दरवेळी हसून वहीत लिहीत, 'वहिनींचा शब्द यायचा आहे', आणि निकाल देऊन मोकळे होत.

आईच्या तेराव्यालाच त्यांनी पाटी मागवली. त्यांना तिचं शिवणयंत्र विकायचं होतं. त्याचं पायडल आईच्या पावलांनी गुळगुळीत झालं होतं.

"सांग शाल्मली, तू तर कॉलेजात शिकलेली!"

"चौदा अक्षरांचा सापडलाय, काका. पण सांगणार नाही."

"का गं? पाठांतर विसरलीस?"

तिने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "अक्षर तुमचंच आहे ना? तीस वर्षं आईचा शब्द यायचा आहे. सगळ्यांचे आल्याशिवाय निकाल नाही. तिचा येऊ द्या, मग खुशाल विका."

काकांनी हातातला खडू खाली ठेवला. बाकीचे यंत्राकडे बघत बसले.