दगडाचे वेध

"मग तो दगड पडणारच नाही, एवढं तरी म्हणा, महाराज."

तळ्याच्या वरच्या कड्यावर, पाय खाली सोडून सोमगिरी गोसावी बसले होते. फार जुन्या काळी आभाळातून दगड कोसळला, जमिनीत ही भलीमोठी वाटी पडली आणि तिच्या तळाशी हिरवं, खारट पाणी साचलं. दिवेलागणीनंतर गावचं माणूस इकडे फिरकत नाही. विश्वंभर जोशी आला होता, कारण घरी थांबायची त्याला हिंमत होत नव्हती.

तसा माणूस हुशार. पंचक्रोशीत मुहूर्त काढावा तर त्यानेच. पण हुशारीला ताठा चिकटला की काय होतं ते ऐका.

पेपरात बातमी आली, की त्या रात्री बैलगाडीएवढा एक दगड पृथ्वीजवळून जाणार. लांबून जाणार, आणि चुकून आलाच तर वरच्या वर जळून जाईल, हेही तिथंच छापलं होतं. विश्वंभरने तेवढं वाचून सोडून दिलं. पंचांगात त्या दगडाचा पत्ता नव्हता, म्हणून त्याने स्वतःच ग्रहणासारखे वेध लावले. घरात कुणी काही चिरायचं नाही, कापायचं नाही. गरोदर बाईने आभाळाखाली यायचं नाही.

आणि त्याचीच बायको वत्सला दिवस भरलेली. सकाळपासून तिला कळा येत होत्या. सासू उशाशी बसून होती, माजघराला बाहेरून कडी होती. नर्सबाई ओट्यावर ताटकळत होती, कारण तिच्या पिशवीत कात्री होती.

"नर्सबाईची कात्री पिशवीतच आहे, वेध सुटेपर्यंत नाळ कापता येत नाही," विश्वंभर म्हणाला. "आणि मूल काही थांबत नाही. मला भीती वाटते, महाराज."

"कशाची?"

"दगडाची."

"पडतो की तो," गोसावी म्हणाले. "रोज पडतो."

त्यांनी हात लांब करून विश्वंभरच्या काळ्या टोपीवरून बोट फिरवलं. बोटाला राखाडी धूळ लागली.

"धूळ होऊन. यातही असेल थोडा."

विश्वंभरने टोपी काढली, झटकली, आणि पुन्हा डोक्यावर घालायचा त्याला धीर होईना.

खाली वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं. एवढ्या झाडीत एक पानही वाजू नये, याचं त्याला आता भय वाटू लागलं.

"हा मोठा होता," तो तळ्याकडे बघत म्हणाला. "हाही असाच आला असेल. तेव्हा जे इथं होते, त्यांचं काय झालं?"

"विचार त्यांना."

"कुणाला?"

गोसाव्यांनी हनुवटीने खाली दाखवलं.

विश्वंभरने कडेशी वाकून हाक दिली, "कुणी आहे का?"

हाक खाली उतरत गेली. परत आली नाही. तो वाट बघत राहिला...

आणि तळातल्या अंधाऱ्या झाडीतून एक टाहो उठला. तान्ह्या लेकराचा असावा तसा. थांबला. पुन्हा उठला.

विश्वंभर कडेपासून मागे सरकला.

"मोर आहे," गोसावी म्हणाले. "लांडोरी तिथंच अंडी घालतात."

"तिथं? त्या खड्ड्यात?"

गोसाव्यांनी मान डोलावली आणि झोळी पुढे ओढली.

"कडी काढली तर गाव काय म्हणेल, महाराज? जोश्यानेच वेध लावले आणि जोश्यानेच मोडले..."

गोसाव्यांनी झोळीतून अडकित्ता काढला, त्यात एक सुपारी धरली आणि त्याच्यापुढे केली.

"कातर."

"वेध आहेत."

"म्हणून तर. उघड्या डोक्याने कातर."

विश्वंभरने अडकित्ता हातात घेतला. वर आभाळ काळं पडत चाललं होतं. त्याने डोळे मिटले आणि दाब दिला. सुपारी कट्‌कन फुटली.

त्याने डोळे उघडले, तर पलीकडच्या काठावर आभाळात एक जळती रेघ उमटली होती. आवाज नाही. तशीच रेघ खालच्या पाण्यातही उमटली. एक खाली येत होती, एक वर चढत होती. दोन्ही एकमेकींकडे धावल्या आणि विझल्या.

विश्वंभर कधीच पालथा पडला होता, दोन्ही हात डोक्यावर. मातीत तोंड खुपसून तो ऐकत राहिला. काहीच झालं नाही. मोरसुद्धा गप्प होता.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. गोसावी मातीत पडलेली सुपारीची फोड शोधत होते. सापडली तशी त्यांनी ती फुंकली, तोंडात टाकली आणि सावकाश चघळू लागले. आभाळाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"महाराज... तोच होता का? गेला का तो?"

गोसाव्यांनी फोड या गालातून त्या गालात घेतली.

"नर्सबाईची कात्री पिशवीतच आहे ना अजून?"