हुकमातलं झाड

पाखरांच्याही शाळा भरायच्या, त्या काळची ही गोष्ट. गरुडराजाचा अधिकारी, काळाभोर कोतवाल पक्षी, टिटवीच्या शाळेत आला आणि माळावरची सगळी पिल्लं गोळा करून त्यानं हुकूम सांगितला, “ससाणा दिसला की राज्यभर एकच हाक. हाक ऐकली की झाडात शिरायचं!”

“साहेब, या माळावर झाड आहे का एक तरी?” टिटवी तडकली. “आणि आमची हाक आम्हाला पुरते.”

“पुरते? गेल्या हंगामात तुझी पिल्लं वाचली. शेजारच्या चंडोलाचं पिल्लू गेलं. त्याला तुझी हाक कळलीच नाही.”



तेवढ्यात गवतावरून सावली सरकली. कोतवालानं राज्याची हाक दिली. चंडोलाची पिल्लंसुद्धा सावध झाली, पण सगळीच झाड शोधत उघड्यावर सैरावैरा पळू लागली.

“खाली बसा! दगडांत! हलू नका!” टिटवी ओरडली.

पिल्लं जागच्या जागी दगड झाली. ससाण्यानं एक घिरटी घातली, आणखी खाली येऊन दुसरी घातली, आणि तो निघून गेला.

एक काळा दगड तेवढा अजून थरथरत होता.

“उठा, कोतवालसाहेब,” टिटवी म्हणाली. “हाक तुमचीच ठेवू. हुकमातलं झाड तेवढं खोडा.”