बुजगावण्याची साक्ष

घरी बैल एकच, आणि औताला लागतात दोन! म्हणून महाराजांची दवंडी कानावर पडली तशी सगुणा अंगणात नाचलीच. "जो स्वतः राबून ज्वारी पिकवील, त्याला सरकारातून एक बैल!" चला, गंगेत घोडं न्हालं!

कसलं काय! गावचे बहिर्जीराव देशमुख मिशांना पीळ देत दरबारात आधीच हजर. "महाराज, सोनखेडची सगळी ज्वारी मीच पिकवली. सगळे बैल माझ्याच गोठ्यात धाडा!" ज्यानं जन्मात नांगराला हात लावला नाही, तो असं बोलतो! गावकरी मात्र देशमुखाच्या भीतीनं चिडीचूप.

"पाण्यात राहून माशाशी वैर नको, पोरी," सगुणाचे वडील तुळाजी म्हणाले.

"आबा, मग पुढल्या पेरणीला दुसऱ्या बैलाच्या जागी मी जुंपून घेऊ का?" असं म्हणून तिनं त्यांना ओढतच दरबारात नेलं आणि सांगितलं, "महाराज, आमच्या शेतातली ज्वारी आबांनी राबून पिकवली!"

महाराज भलते हट्टी. म्हणाले, "साक्षीदार आण! पण तो रात्रंदिवस शेतात असलेला हवा. कुणाच्या घरचं खाणारा नको, देशमुखाला भिणारा नको, मला मुजरा करणाराही नको! उद्या असा साक्षीदार आला नाही, तर बैल देशमुखाचे!"

देशमुख खदखदा हसले. "असा माणूस अजून जन्माला यायचाय!"

"त्याला जन्माला यायची गरजच काय?" सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती खांद्यावर बुजगावणं टाकून आली! मडक्याचं डोकं, अंगात ठिगळाची पैरण.

"हे मडकं काय बोलणार?" देशमुख ओरडले.

"बोलतंय की! राबणाऱ्याचीच फाटकी पैरण बुजगावण्याला घालायची, ही आमच्याकडची रीत. ही पैरण कुणाची, तेवढं सांगा."

"माझीच! जुनी झाली म्हणून दिली!"

"मग घालून दाखवा!"

"घाला, देशमुख!" महाराजांनी फर्मावलं.

एक बाही कशीबशी चढली. पैरण पोटाशी अडली आणि चर्रर्र! आत राहिलेल्या कडब्याच्या कुसळांनी देशमुख अंग खाजवत नाचू लागले. मग तुळाजींनी ती घातली. अंगासरशी बसली, आणि ओझं वाहायच्या खांद्यावरच ठिगळ!

हसू दाबत महाराज म्हणाले, "बिचारा साक्षीदार उघडा पडला. देशमुख, तुमचा जरीचा अंगरखा त्याला चढवा!"

सगुणानं घाईघाईनं हात जोडले. "नको महाराज! तो अंगरखा बघून पाखरं उडायचीच नाहीत. म्हणतील, या गं, हा आपल्यातलाच! दुसऱ्यानं पिकवलेलं खाणारा!"

महाराज एवढे हसले की पगडी मांडीवर पडली. सोनखेडच्या प्रत्येक राबणाऱ्याला बैल मिळाला. तुळाजींना नवीकोरी पैरण मिळाली, आणि जुनी पुन्हा साक्षीदाराच्या अंगावर गेली.