खोडावरचं फळ

झाडांना बोलता येत होतं त्या काळी हौसाबाई माळीण उथळ कुंड्यांत वीतभर उंचीचे वड वाढवायची आणि वटपौर्णिमेला पूजेसाठी विकायची. त्यांतल्या एका झाडाला पाच वर्षं झाली तरी पारंबी फुटेना.

"पौर्णिमेपर्यंत बघते," हौसाबाई त्याला म्हणाली. "नाहीतर तुला उपटून कुंडी मोकळी करते."

शेजारचा वड हळूच म्हणाला, "घाबरतोस काय? माझी एक पारंबी तुझ्या फांदीवर टाकतो. तिला काय कळतंय!"

"उसनी पारंबी मिरवू? त्यापेक्षा उपटलेलं बरं," झाड फणकारलं.

"मग मर!"

झाड मेलं नाही. फांद्यांना तारा गुंडाळलेल्या, मुळं छाटलेली, तरी त्यानं सगळा जोर लावला. पौर्णिमेच्या सकाळी हौसाबाई खुरपं घेऊन आली, वाकली आणि तशीच थांबली. खोडालाच हिरव्या फळांचा घोस लगडला होता.

"अगं बाई, हा तर उंबर! आणि मी मेली पाच वर्षं याच्याकडे पारंब्या मागत बसले." तिनं खुरपं टाकलं आणि तारा सोडल्या.

पूजेसाठी वड घ्यायला आलेल्या बायकांतली एक नाक मुरडून म्हणाली, "याला पारंब्या कशा नाहीत गं?"

"नाहीत आणि त्याला नकोतही," हौसाबाई कडाडली. "उंबर आहे तो. वड हवा तर पलीकडे बघा."

उंबरानं पान न् पान ताठ केलं. पाच वर्षांत आज पहिल्यांदाच कुणी त्याचं नाव घेतलं होतं, आणि तेही चारचौघींत.