म्हादूचा दोन नंबरचा धंदा

एका गावात म्हादू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे तसा मूर्खच. पण विधवेचा एकुलता एक, म्हणून गाव आपलं भोळा म्हणायचं. आई घरी पापड लाटायची, म्हादू ते दारोदार विकायचा. या पोराला मुलगी कोण देणार, हा एकच घोर तिच्या जिवाला लागला होता.

त्यात तिला दिसेना झालं. म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा नि माझा नंबर लावून ये."

म्हादूनं घरावरची नंबराची पाटी उपसली आणि डॉक्टरच्या दाराला ठोकून आला. दार सागवानी होतं. डॉक्टर फार बोलले.

मग आई स्वतःच गेली. डॉक्टर म्हणाले, "नंबर वाढलाय." म्हादूनं गावभर पेढे वाटले.

"आईचा नंबर वाढला! तोही या वयात!"

आईनं कपाळावर हात मारला. "मेल्या, नंबर वाढल्यावर पेढे वाटतात होय? तोंड बारीक करावं. धीर द्यावा."

पुढं समोरच्या यमुनाकाकूंच्या सुलभाचा शाळेत पहिला नंबर आला. म्हादू तोंड बारीक करून गेला.

"ऐकलं काकू. वाईट झालं. गाजरं खाऊ घाला, उतरेल हळूहळू."

काकूंनी खराटा उचलला.

"अरे, पहिला नंबर म्हणजे सगळ्यांत भारी!" आई ओरडली.

"मग आपला माल एक नंबर?"

"आहेच. पण उद्या मुलगी बघायला जायचंय. तिथं बढाया मारू नकोस. विचारलं तर एक पायरी खालीच सांग."

मुलीचे वडील रंगराव, पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. आई आत बायकांत बसली. बाहेर रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "धंदा आहे असं ऐकलं. कसला?"

म्हादू नम्रपणे म्हणाला, "दोन नंबरचा."

रंगरावांचा चहा बशीत सांडला. "माल कुठं बनतो?"

"घरीच. आई बनवते, दार लावून. वारा लागला की बिघडतो."

"आणि चौकीवरचे साहेब?"

"त्यांना पिशवी घरपोच. आई म्हणते, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत."

रंगरावांनी बशी खाली ठेवली. सगळा जन्म त्यांनी अशी माणसं पकडण्यात घालवला होता, आणि बंगले त्याच माणसांचे झाले होते. ते उठले, आत गेले आणि बायकोला म्हणाले, "पोहे राहू दे. पुरणाचं घाल. असं स्थळ पुन्हा यायचं नाही."

तिथल्या तिथं सुपारी फुटली. आईच्या डोळ्यांना धार लागली. देवानं पोराचं सोनं केलं, असं ती सारखी म्हणत राहिली.

निघताना रंगरावांनी म्हादूला पोटाशी धरलं. म्हादूलाही भरून आलं. आता आपल्याच माणसांत कसला संकोच?

"मामा, लग्नात प्रत्येकाच्या पानात आपलाच माल वाढू," तो म्हणाला. "तेवढं सांगा फक्त, तळून वाढू का भाजून?"